आमच्या भिंतीवरचे गिरणी कामगार इतके गोरे कसे?

मा. संपादक यांस,
सप्रेम जय भीम.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात शहरातल्या एका लांबलचक भिंतीचा रंगीत फोटो आला होता. भिंतीवर सोलापूरचा इतिहास चितारलाय, असं खाली छापलं होतं. फोटो बघून समाधान होईना, म्हणून परवा रिक्षा करून प्रत्यक्ष बघून आलो. चाळीस वर्षं या शहरात मी बोर्ड रंगवले. रंगवलेली भिंत दिसली की पाय आपोआप थांबतात. आधी लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, नीट घासलीय का ते बघतो, मग प्रायमर, मग अक्षर, आणि सगळ्यात शेवटी चित्र. लांबी चांगली आहे, प्रायमर दोन हात मारलाय. अक्षरं स्टेन्सिल लावून केलीत, तीही चालतील. चार हुतात्मे आहेत, सिद्धेश्वरांचे नंदीध्वज आहेत. त्यापुढे गिरणी, गिरणीतले कामगार आणि विड्या वळणाऱ्या बाया. तिथं मी थांबलो, ते अर्धा तास हललोच नाही.

साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, उभा असलेला कामगार गोरापान. गाल गुलाबी, दंडात बेडक्या, अंगात इस्त्रीचा सदरा. साचा म्हणून जे काढलंय ते पेटीसारखं दिसतं, वाजवायच्या. आणि धोटा, म्हणजे मागात आडवं सूत घेऊन पळतो तो, त्याच्या हातात असा दिलाय, की आता भाषणच ठोकणार. शेजारी तीन बाया विड्या वळतात. तिघींच्या नाकात एकसारखी नथ, तिघींचा रंग साबणाच्या वडीवरच्या बाईसारखा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं अशी स्वच्छ की तंबाखूला कधी हात लागला नसावा.

माझे वडील अठ्ठावीस वर्षं गिरणीत होते. तिसऱ्या पाळीहून घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. कापसाचा रुवा भुवयांत, कानातल्या केसांत, मानेच्या घडीत. आई ओलं फडकं घेऊन आधी त्यांचे कान पुसायची, मग चहा. त्या पांढऱ्या रुव्याखालून जो रंग निघायचा तो काळा होता. सावळा वगैरे नाही, काळा. दारात सकाळच्या उन्हाला बसले की कपाळावर निळसर झाक यायची. ती झाक मला सत्तर वर्षांचा होईपर्यंत रंगात पकडता आली नाही. का आली नाही, ते पुढं सांगतो.

भिंतीच्या टोकाला एक मुलगा शिडीवर चढून कोपरा संपवत होता. पंचविशीचा असेल. पोराचा हात चांगला आहे, खोटं कशाला बोलू. मी खालूनच विचारलं, "काय बे, सगळे इतके गोरे कसे केलास?" तो म्हणाला, "काका, वरून सांगितलंय, ब्राइट पाहिजे. काळा मारला की फोटोत चेहरा मरतो."

फोटोत चेहरा मरतो. हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोललोय त्याचा हिशोब नाही. म्हणून त्या पोरावर रागवायचा हक्क मला नाही. या पत्रात तक्रार आहे, पण तिच्याआधी माझी कबुली आहे.

दहावीनंतर मी सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. टॉकीजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मांजरपाटाचे तागे शिवून, त्यावर सफेदा आणि खळ मारून कापड तयार करायचं. फोटोवर चौकटी आखायच्या, कापडावर मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट वर उतरवायची. पहिली दोन वर्षं मी फक्त चौकटी आखल्या. तिसऱ्या वर्षी चेहऱ्याला हात लावू दिला, तोही व्हिलनच्या. कारण व्हिलन चुकला तरी चालतो. उस्तादांचा नियम सोपा होता. हिरॉईनला फ्लेश टिंट, त्यात थोडा पिवळा. हिरोला फ्लेश टिंट, त्यात थोडा लाल. आणि व्हिलनला बर्न्ट अंबर, प्रशियन ब्लू, डोळ्याखाली हिरवा. फ्लेश टिंट नावाची ट्यूबच मिळायची. कातडीचा रंग म्हणे. कुणाच्या कातडीचा, ते ट्यूबवर लिहिलेलं नसायचं. आम्हीही विचारलं नाही. शेडमध्ये काम करणाऱ्या आम्हा सहा जणांपैकी एकाचीही कातडी त्या ट्यूबसारखी नव्हती.

पुढं स्वतःचं दुकान टाकलं. बोर्ड, गाड्यांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती, आणि मेलेल्या माणसांचे फोटोवरून ऑइल पेंटिंग. हे शेवटचं काम मला आवडायचं. लोक पासपोर्ट फोटो घेऊन यायचे, कुणी रेशनकार्डावरचा, कुणी लग्नातल्या गर्दीतला. "पेंटर, दहाव्याच्या आत द्या" म्हणायचे, आणि पायरी उतरता उतरता वळून सांगायचे, "जरा उजळ करा." मी करायचो. एकानं कधी सांगितलं नाही की होते तसे काढा. लग्नाच्या बायोडाट्यात वर्ण गव्हाळ लिहायचा, मेल्यावर पेंटिंगमध्ये गोरं व्हायचं, आणि मधल्या साठ वर्षांत उन्हात काळं पडायचं, असा एकूण कार्यक्रम. पाऊणशे किलोमीटरवर पंढरपुरात काळ्या दगडाच्या पायावर डोकं ठेवायला लाखो माणसं चालत जातात. घरी आल्यावर सुनेचा रंग बघतात.

माझी आई विड्या वळायची. १९८९ साली गेली. तिचा एकच फोटो होता, विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा. स्टुडिओवाल्यानं पावडर लावून, लाइट मारून काढलेला. मी त्यावरून दोन फूट बाय दीड फुटाचं पेंटिंग केलं. रात्री जागून केलं, सगळं कसब ओतलं. दहाव्या दिवशी भिंतीला लावलं. माझी मावशी, आईची सख्खी धाकटी बहीण, समोर येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "ही कुणाची बाई आणून टांगलीस रे?"

सगळे हसले. मीही हसलो. ते पेंटिंग छत्तीस वर्षं भिंतीवर राहिलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. माझी नात चित्रकलेचा कोर्स करते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर मला एक चित्र दाखवलं. "आबा, हे बघा, तुमच्या कटिंगच्या दुकानासारखं." चित्रात न्हाव्याचं दुकान होतं. खिडकीवर उलट्या अक्षरांत दुकानाचं नाव, म्हणजे रस्त्यावरून वाचायचं ते आतून उलटं दिसतं, आणि ती अक्षरं इतकी झकास की माझं लक्ष आधी तिथंच गेलं. मग माणसं बघितली. सगळी काळी. काळी म्हणजे तपकिरी नाही, कोळशासारखी काळी. आणि त्या काळ्यात नाक, ओठ, गालाचं हाड, सगळं जागच्या जागी.

चित्रकाराचं नाव केरी जेम्स मार्शल. अमेरिकेतला काळा चित्रकार. जन्म १९५५ चा. माझाही १९५५, शाळेच्या दाखल्यावर एक जून, जसा आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा होता. त्याचं गाव बर्मिंगहॅम, अलाबामा राज्यातलं, पोलादाच्या कारखान्यांचं. १९६३ च्या सप्टेंबरात त्या गावात काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब फोडला, त्यात चार मुली मेल्या. त्याच वर्षी त्याचे आईवडील पोरांना घेऊन लॉस एंजेलिसला गेले आणि वॉट्स भागातल्या सरकारी वसाहतीत राहिले. दोन वर्षांत तिथं दंगल पेटली. म्हणजे दहा वर्षांचा होईपर्यंत पोरानं काय काय बघितलं ते ओळखा. शाळकरी वयात त्याला चार्ल्स व्हाइट नावाच्या काळ्या चित्रकाराचा स्टुडिओ बघायला मिळाला. आपल्यासारखा माणूस, जिवंत, समोर उभा राहून आपल्याच माणसांची चित्रं काढतोय, हे बघून त्यानं ठरवलं की आपण हेच करायचं. मला उस्ताद भेटले, त्याला हे भेटले. फरक एवढाच की त्याच्या उस्तादानं काळा रंग व्हिलनसाठी राखून ठेवलेला नव्हता.

१९८० साली त्यानं एक लहानसं चित्र काढलं, वहीच्या पानाएवढं, अंड्याच्या बलकात रंग कालवून. काळ्या जमिनीवर काळा माणूस. दिसतं काय, तर डोळ्यांचा पांढरा भाग, सदऱ्याची पट्टी आणि फट पडलेले दात. स्वतःचंच चित्र आहे म्हणे ते. बघताना पहिल्यांदा मला हसू आलं, मग लाज वाटली. अंधारात काळा माणूस दिसत नाही, फक्त दात दिसतात, हा विनोद आमच्या गल्लीतसुद्धा चालतो. त्यानं तो विनोद उचलला आणि सगळ्यांच्या तोंडावर धरला.

तिथून पुढं चाळीस वर्षं त्यानं एकच काम लावून धरलं. जगातल्या मोठ्या म्युझियमच्या भिंतींवर राजे, राण्या, देवदूत, सगळे गोरे. काळा माणूस असला तर कोपऱ्यात तबक धरून उभा. तर आता काळी माणसं मधोमध उभी करायची, तीही तेवढ्याच मोठ्या कापडावर. ते न्हाव्याचं दुकान १९९३ चं आहे, जवळजवळ नऊ फूट उंच आणि दहा फूट रुंद. आमच्या टॉकीजच्या बॅनरचं माप! आणि गंमत सांगू का, तो त्या काळात कॅनव्हास चौकटीवर ताणतच नव्हता. कडेला धातूच्या रिंगा ठोकायच्या आणि भिंतीला खिळ्यांनी टांगायचं. नातीनं तो भाग मोठा करून दाखवला तेव्हा मी म्हणालो, अगं हा तर आपल्यातलाच आहे.

त्याचं २०१२ सालचं ब्यूटी पार्लरचं एक चित्र आहे. सगळ्या काळ्या बाया, वेण्या, केशरचना, गप्पा, आरसे. आणि जमिनीवर मधोमध एक पिवळसर तिरपी आकृती, समोरून बघितली तर कळतच नाही काय आहे ते. बाजूनं तिरकं बघितलं की कळतं, परीकथेतल्या सोनेरी केसांच्या गोऱ्या राजकन्येचं तोंड आहे. एक लहान पोर वाकून तिच्याकडं बघतंय. बाकी कुणाचं लक्षच नाही. मी आयुष्यात पार्लरचे शंभर तरी बोर्ड रंगवले असतील. प्रत्येकावर हीच गोरी बाई मागायचे. ती दुकानात येणाऱ्या कुणासारखीच नसायची. मी तिला मधोमध रंगवत आलो, त्यानं तिला जमिनीवर तिरपी पाडली.

मग मी नातीला विचारलं तो काळा करतो कसा. हा खरा पेंटरचा प्रश्न. आम्ही काळ्यात उजेड दाखवायचा तर पांढरा मिसळायचो. काळ्यात पांढरा गेला की राखाडी होतं, आणि माणूस आजारी दिसतो. म्हणूनच म्हणायचो, काळा मारला की चेहरा मरतो. मार्शल पांढऱ्याकडं जातच नाही. त्याच्याकडं काळेच तीन. एक हाडं जाळून केलेला, एक काजळीचा, एक लोखंडापासूनचा. तिन्ही शेजारी लावले तर वेगवेगळे दिसतात. त्यात कशात निळा मिसळायचा, कशात हिरवा, कशात जांभळा. उजेड पांढऱ्यानं आणायचा नाही, रंगानं आणायचा. सुरुवातीला त्याचेही चेहरे सपाट, कापून चिकटवल्यासारखे होते. पुढं ते भरत गेले.

मी करून बघितलं. हार्डबोर्डचा तुकडा घेतला, माळ्यावरून जुना डबा काढला, अळशीचं तेल नवीन आणलं. तिन्ही काळे काही सोलापुरात मिळाले नाहीत, दोन मिळाले. त्यात अल्ट्रामरीन थोडा थोडा घालत बारा पट्टे ओढले आणि खिडकीत वाळत ठेवले. सकाळी चहा घेताना ऊन त्यावर आलं. सातव्या पट्ट्यावर वडिलांचं कपाळ होतं.

चमचाभर निळा. एवढंच हवं होतं. चाळीस वर्षं डब्यात निळा होता, आणि मी तो आकाशाला आणि बाबासाहेबांच्या कोटाला वापरत राहिलो.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या काळ्यांचं आपल्याला काय. त्यांना सांगावंसं वाटतं की हे नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विद्वानाला पत्र लिहून त्यांच्या लढ्याची माहिती मागवली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. मी तेव्हा शिकाऊ होतो. पँथरच्या छावणीचा, म्हणजे शाखेचा, बोर्ड रंगवायला माझ्याकडं आला. पँथर कधी बघितला नव्हता, सर्कशीच्या पोस्टरवरून काढला आणि ब्लॅक जपान मारून असा चकाचक काळा केला की पोरं बघायला जमली. आज आठवतं, अभिमानानं काळा रंगवलेला माझा पहिला चेहरा जनावराचा होता. जात आणि रंग एक नव्हे, हे मला कुणी शिकवू नये, आमच्या वस्तीत गोरीपान माणसंही आहेत आणि त्यांना त्याचा काडीचा फायदा झालेला नाही. पण लाज कशाची वाटायला शिकवलं, हे बघितलं तर दोन्हीकडं मास्तर एकच होता.

मार्शलची आणखी काही चित्रं सांगतो. त्यांचा संबंध थेट आपल्या भिंतीशी आहे.

बोस्टनमध्ये अठराव्या शतकात सिपिओ मूरहेड नावाचा एक गुलाम होता, चित्रकार. त्याच्या सहीचं एकही चित्र आज शिल्लक नाही. तो दिसायला कसा होता ते कुणालाच माहीत नाही. मार्शलनं २००७ साली त्याचं चित्र काढलं, आणि नाव दिलं, सिपिओ मूरहेडनं १७७६ साली काढलेलं स्वतःचं चित्र. जे चित्र कधी काढलं गेलं नाही ते दोनशे तीस वर्षांनी त्याच्या वतीनं काढून दिलं. ज्यांचा फोटो निघाला नाही, त्यांचा इतिहास असाही ठेवता येतो. हुतात्म्यांचे पुतळे आपण उभारले, उभारायलाच हवे होते. १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्यात ते चौघे फासावर गेले. पण १९३० साली या शहरात लष्करी कायदा लागला तेव्हा रस्त्यावर उतरलेली गिरणीतली हजारो माणसं, त्यांचा एक तरी चेहरा कुणाकडं आहे का? आणि मार्शलही फक्त वीरांच्या मागं लागत नाही. त्याच्या चित्रांत पांढरा सदरा आणि टाय घालून सरकारी वसाहतीत फुलझाडं लावणारी माणसं आहेत, बागेत सहलीला आलेलं कुटुंब आहे, घरातल्या हॉलमधली बाई आहे. त्या हॉलच्या चित्रांत त्यानं चमकी फार मारलीय, ती मला काही पटली नाही, गणपतीच्या मखरासारखी वाटते. असो, त्याचा हात, त्याची मर्जी.

बागेतल्या सहलीचं ते चित्र एका सरकारी संस्थेनं १९९७ साली पंचवीस हजार डॉलरला घेतलं होतं. २०१८ साली लिलावात दोन कोटी अकरा लाख डॉलरला गेलं. एवढी शून्यं मी बोर्डावरही कधी रंगवली नाहीत. पण मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी शिकागो महापालिकेला हाव सुटली. तिथल्या गरीब वस्तीतल्या एका वाचनालयासाठी त्यानं १९९५ साली मोठं भित्तिचित्र करून दिलं होतं, पुस्तकांकडं डोळे विस्फारून बघणारी काळी मुलं. मोबदला दहा हजार डॉलर. महापालिकेनं ते विकायला काढलं, कोटभर डॉलरच्या वर येतील म्हणून. लोक ओरडले, मार्शल स्वतः बोलला, आणि लिलाव मागं घ्यावा लागला. चित्र लोकांसाठी काढलं होतं, लोकांकडं राहिलं.

आणि वॉशिंग्टनच्या मोठ्या कॅथेड्रलची गोष्ट. तिथल्या खिडक्यांच्या रंगीत काचांत गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दोन सेनापतींची चित्रं होती, १९५३ पासून. २०१७ साली ती काढली. जागी नवीन काचा कुणी करायच्या, तर मार्शलला बोलावलं. २०२३ साली त्या बसल्या. त्यात येशू नाही, संत नाही. मोर्चा आहे. हातात पाट्या घेतलेली काळी माणसं. पाट्यांवर लिहिलंय 'न्याय्य वागा', 'नाही', अशा अर्थाचं. आणि त्यानं फी घेतली अठरा डॉलर पासष्ट सेंट. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं बंद झाली, तो आकडा. मी युनियनच्या मोर्चांच्या पाट्या रात्र रात्र रंगवल्यात, बऱ्याचदा उधारीवर. उधारी बुडाली की मी आकडा विसरायचो. या माणसानं आकड्याचाच निरोप केला.

आता माझं म्हणणं. भिंत खोडा असं मी म्हणत नाही. खर्च झालाय, पोरांनी मेहनत केलीय, साचा चुकलाय तो दुरुस्त होईल. फक्त माणसं बदला. कामगारांचे आणि विडीवाल्या बायांचे मिळून अकरा चेहरे आहेत, मी मोजले. त्या अकरा चेहऱ्यांसाठी अकरा खरी माणसं शोधा. गिरणीत काम केलेली, ऐंशीच्या पुढची, अजून बरीच आहेत या शहरात, सकाळी मारुतीच्या कट्ट्यावर नाहीतर विहाराच्या पायरीवर बसलेली असतात. विड्या तर आजही वळतात, सुपं घेऊन दारात बसलेल्या बाया पूर्व भागात कुठल्याही बोळात दिसतील. त्यांना विचारून, समोर बसवून चित्र काढा. मोबाइलवर 'मिल वर्कर' टाकून जे येतं त्यावरून नको. बोटं काढाल तेव्हा तंबाखूनं पिवळीकाळी झालेली काढा, अंगठ्याचं नख चिरलेलं असतं, तेही.

आपल्या पेपरला विनंती अशी की जुने फोटो आपल्याकडं कपाटात असतील. गिरणीच्या गेटवरचे, संपाचे, पगाराच्या दिवशीचे. ते छापा, आणि वाचकांकडचे मागवा. फक्त छापताना उजळ करू नका. छपाईत काळे चेहरे भरून जातात हे मला माहीत आहे, मशीनवाल्याला सांगून काहीतरी करा. त्याच्यापुढं अडचण आहे, माझ्यापुढंही होती.

आईचं पेंटिंग मी गेल्या महिन्यात उतरवलं. नवीन करायला घेतलंय. फोटोचा उपयोग नाही, त्यात पावडरच आहे. आठवणीवर चाललंय, आणि मावशीच्या सांगण्यावर. मावशी आता शहाऐंशी वर्षांची आहे, डोळ्याला कमी दिसतं, पण खुर्ची ओढून कॅनव्हासच्या अगदी नाकाला नाक लावून बसते आणि म्हणते, "अजून. अजून काळी होती. भिऊ नकोस." परवा कानाशी अडलो. आईच्या उजव्या कानाची पाळी फाटलेली होती, कानातलं गहाण टाकायच्या आधी ओढून काढताना फाटली, हे मला माहीतच नव्हतं. मी पस्तिशीचा होईपर्यंत तिच्याबरोबर राहिलो आणि कान बघितला नाही. मावशीनं सांगितलं.

भिंतीवरच्या त्या पोराला मी माझा नंबर दिला आहे. त्याला वरून परवानगी मिळाली तर अकराही चेहरे मी फुकट करून देईन, त्याला बरोबर घेऊन. रंग माझे, ब्रश माझे. शिडी मात्र त्याची लागेल, माझी मोडली आहे, आणि वरच्या तीन चेहऱ्यांना त्यालाच चढावं लागेल. रविवारी सकाळी आठपासून मी भिंतीपाशी असतो, ऊन वर यायच्या आत. ज्यांच्या घरी गिरणीतल्या माणसाचा फोटो असेल त्यांनी घेऊन यावा, फोटो नसेल तर ज्याला चेहरा आठवतो अशा म्हाताऱ्या माणसाला घेऊन यावं.

नाव छापू नका. माझ्या हातच्या गोऱ्या आज्या-आजोबा अजून बऱ्याच घरांत भिंतीवर आहेत, लोक ते उतरवून माझ्याकडं बदलून मागायला आले तर मला या वयात झेपायचं नाही.

आपला,
एक जुना बोर्ड पेंटर
बुधवार पेठ, सोलापूर